दिवस मावळल्यावरचं पाणी

सुगन,

तुझ्यावर लिहायला बसले आहे. तुला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तू "नको अक्का, लोक काय म्हणतील" म्हणाली असतीस, मी चिडले असते, आणि तू आत जाऊन चहा टाकला असतास. आपलं असंच चालत आलं आहे. लीलाधर होता तोवर तो मध्ये पडायचा. आता तो नाही, तेव्हा भांडण नकोच. जे खटकेल ते लाल शाईनं खोडून पाठव. मी तुझ्या वह्या अशाच खोडल्या आहेत.

एक मात्र खोडू देणार नाही. तू किती भ्यायचीस ते मी लिहिणार. त्या भीतीनं तुला जवळजवळ मारलं होतं, आणि तुझ्यापायी माझ्या भावालाही.

आता वाचणाऱ्यांसाठी. सुगनबाई माझी भावजय. दोंडाईच्याच्या हस्तीमल कापडवाल्यांची धाकटी मुलगी, स्थानकवासी जैन घरातली. चौदाव्या वर्षी, १९५५ साली, तिनं दीक्षा घेतली. हौसेनं घेतली, कुणी बळजबरी केली नाही, हे ती मला आजही बजावते. चौदा वर्षांच्या पोरीची हौस ती केवढी, असं मी म्हटलं की तोंड फिरवते. पुढची आठ वर्षं गुरुणी राजकुंवरजी महासतींच्या मागं अनवाणी चालणं. तोंडाला मुहपत्ती, काखेत जमीन झाडायचा लोकरीचा ओघा, वर्षातून दोनदा हातानं केस उपटणं, प्यायला उकळलेलं पाणी, आणि सूर्य मावळला की सकाळपर्यंत तोंडात थेंब नाही.

१९६३ च्या उन्हाळ्यात फैजपूरच्या मुक्कामी तिनं ओघा गुरुणींच्या समोर ठेवला आणि म्हणाली, "माझ्यानं होत नाही." का होत नाही, ते तिनं तेव्हा सांगितलं नाही आणि मलाही कधी धड सांगितलं नाही. "मन उठलं" एवढंच. गुरुणींनी ओघ्याकडे पाहिलं, तोंड भिंतीकडे केलं आणि माळ ओढत बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. रागावल्या नाहीत, शाप दिला नाही, थांबही म्हणाल्या नाहीत.

बस्स. एवढंच घडलं होतं. पण त्या न बोलण्यातून या बाईनं पुढं सहा वर्षं स्वतःसाठी शाप तयार केला. लहानपणी जैनांच्या स्थानकात नरकाची चित्रं पाहिलेली. करवतीनं कापताहेत, तेलात तळताहेत. त्यातल्या प्रत्येक चित्रात तिनं स्वतःला बसवलं.

बापानं पत्र पाठवलं, दोंडाईच्याला येऊ नकोस. फैजपूरला तिची भुआ, म्हणजे आत्या, चंदनबाई होती, आमच्या शेजारी किराण्याचं दुकान. तिनं ठेवून घेतली. पोरीला सातवीची परीक्षा द्यायची होती. मी तेव्हा जळगावला मुलींच्या शाळेत शिकवत होते, सुटीत घरी यायची. चंदनबाई म्हणाली, "बाई, हिला जरा हिशोबाचं शिकवा." मी हो म्हटलं आणि फसले.

ही आमच्या ओट्यावर यायची ती आधी पदरानं जमीन झाडायची, मग बसायची. बसली की मुंगी यायची. मुंगी आली की ही उठायची, मुंगी जाईपर्यंत उभी राहायची, पुन्हा झाडायची, पुन्हा बसायची. एका व्याजाच्या गणिताला तीन मुंग्या! मी म्हणायची, "अगं, मुंगीला आपली वाट कळते. तू हौदाचं उदाहरण बघ." तर ही म्हणायची, "बाई, पाय पडला तर?"

माझा धाकटा भाऊ लीलाधर मळ्यातून दुपारी यायचा. एके दिवशी बघते तर हा आपल्या खांद्यावरच्या रुमालानं ओटा झाडतो आहे.

"तुला कधीपासून जीवदया सुचली?" मी विचारलं.

"ती भेते ना, अक्का. आपण झाडून ठेवलं तर तिला उठावं लागणार नाही."

मी कपाळावर हात मारला. केळीच्या बागेत नांगर धरणारा माणूस, आणि मुंग्यांसाठी रुमाल मळवतो! पण त्या दिवसापासून तिची गणितं सुटू लागली, हे मला कबूल करावं लागेल. पुढं सातवीही सुटली.

१९६६ साली जळगावला दोघांचं रजिस्टर लग्न झालं. दोन्हीकडच्या लोकांनी काय गोंधळ घातला तो सांगत बसत नाही, तो सगळ्यांच्या घरी एकसारखाच असतो. आमची आई झुंबरबाई मात्र वेगळ्याच काळजीत.

"वांगं नाही, कांदा नाही, लसून नाही," ती बोटं मोडत म्हणाली. "मंग इले काय वारा खाऊ घालू? अन् केयीवाल्याची सून, केयीच्या कंदाले हात नाही लावत! लोकं हसतीन मले."

ते खरंच होतं. केळी लावायची म्हणजे कंद खणून काढायचे, तासायचे, खड्ड्यात पुरायचे. आमच्याकडच्या बायका ते काम गप्पा मारत करतात. सुगनच्या लेखी एकेका कंदात अनंत जीव. लागवडीच्या दिवसांत ती घरात कडी लावून बसायची. तरी आठ दिवसांत आईनं तिच्यासाठी बिनलसणाचं पातेलं वेगळं केलं, आणि कुणी चुकून त्यात डाव बुडवला तर आईच ओरडायची.

इथपर्यंत हसून नेण्यासारखं होतं. १९६७ साली सुगनचं सातव्या महिन्यात मूल गेलं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. सुगन म्हणाली, दीक्षा मोडल्याचं फळ.

"मला मिळालं असतं तर चाललं असतं," ती मला म्हणाली. "बाळाला मिळालं."

मी तिला सगळं सांगून पाहिलं. रक्तातलं लोह सांगितलं, विज्ञान सांगितलं, तिच्याच धर्मातली करुणा सांगितली. उपयोग शून्य. तिनं सोडलेले सगळे नियम पुन्हा धरले, आणि वर आणखी घातले. एक दिवसाआड उपास. दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा बंद. संसारी बाईला इतकं कुणी सांगितलेलं नव्हतं. चंदनबाई स्वतः पक्की धर्माची, तीही म्हणाली, "बेटी, इतना तो महाराजजी भी नहीं कहते." पण हिला कुणाच्या परवानगीनं भ्यायचं नव्हतंच.

१९६९ च्या मे महिन्यात मी सुटीला घरी आले तेव्हा तिला पाचवा महिना होता. गालफडं बसलेली, ओठ फुटलेले. फैजपूरचा मे महिना ज्यानं पाहिला आहे त्याला सांगायला नको. भिंतीला हात लावला तर भाजतो. भुसावळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: संध्याकाळी आणि रात्री पाणी प्यायलं नाही तर हेही मूल हाती लागणार नाही, आणि कदाचित आईही नाही.

मी तिला बोलले, खूप बोलले. ती ऐकून घेत होती आणि जमीन झाडून बसत होती.

त्याच आठवड्यात आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "अव, लील्याचा लोटा पाह्य. संध्याकायपासून कोरडा राह्यतो. चार दिस झाले, मी पाहू राह्यली."

मी लीलाधरला मळ्यात गाठलं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत.

"ती पीत नाही तोवर मी पिणार नाही."

"अरे, तू दिवसभर उन्हात असतोस! पाण्याच्या इंजिनपाशी उभा असतोस!"

"माहीत आहे."

"मग समजाव तिला."

"अक्का, तू समजावतेस, डॉक्टर समजावतात, माय समजावते. तिला समजत नाही असं नाही. तिला भीती वाटते. एकटीला जास्त वाटते. म्हणून बसलो जोडीला."

"ही जोडी म्हणजे दोघांची तिरडी!" मी ओरडले. शेजारच्या बागेतला जीवराम मान वर करून बघायला लागला. लीलाधर नुसता हसला आणि पाट वळवायला गेला. या माणसाशी भांडता येत नसे. मी तशीच पाय आपटत घरी आले आणि सुगनला सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता तरी पघळेल. ती रडली, त्याच्या पाया पडली, त्यानं प्यावं म्हणून विनवलं. स्वतः मात्र प्यायली नाही. आणि तो म्हणाला, "तू प्यालीस की मी." दोघंही आपापल्या जागी अडून बसलेली, आणि मध्ये मी आणि आई भरलेला माठ घेऊन!

सातव्या की आठव्या दिवशी तो मळ्यातून आला तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. ओट्याची पायरी चढताना भेलकांडला. बसला आणि ओकला. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. मला विचारतो, "इंजिन बंद केलं का?" इंजिन मळ्यात, मी घरात. आई कांदा ठेचायला धावली. मी माठातलं पाणी पेल्यात घेऊन त्याच्या तोंडाला लावलं. त्यानं दात मिटले. भान अर्धं गेलेलं, तरी दात मिटले! मी त्याच्या थोबाडीत मारायची बाकी होते.

सुगन दारात उभी होती. भिंतीला धरून. ती पुढं आली, तिनं माझ्या हातातला पेला घेतला. माठाचं पाणी, न उकळलेलं. बाहेर अंधारत चाललेलं. तिनं डोळे मिटले आणि पेला तोंडाला लावला. अर्धा पेला प्यायली, घोट घोट, प्रत्येक घोट कुणी घशात काचा ओतत असल्यासारखा. मग उरलेला त्याच्या ओठाला लावला.

"अहो, मी प्याले. आता तुम्ही."

तो प्याला. पेल्यामागून पेला प्याला. आईनं पायाला कांदा चोळला, मी ओल्या पंचानं वारा घातला. सुगन मात्र पेला हातात धरून तशीच बसून राहिली, वर आढ्याकडे बघत. मला कळलं ती कशाची वाट बघते आहे ते.

"काही पडत नाही वरून," मी म्हणाले. "ऊठ, दुसरा माठ उघड. हा संपला."

ती उठली.

एका पेल्यानं भीती गेली असं लिहिलं तर सुगनच लाल शाई घेऊन बसेल. दुसऱ्या दिवशी तिनं पोट धरून विचारलं, हलत नाहीये का? हलत होतं. त्यानंतर रोज दिवस मावळला की दोघं ओट्यावर बसायची आणि एकाच पेल्यातून पाणी प्यायची. आधी ती, मग तो. औषधासारखं. पाऊस सुरू होईपर्यंत ती प्यायल्यावर आढ्याकडे बघायची. मी जुलैत एका रविवारी आले तेव्हा ती बघत नव्हती, आणि पाणी पिता पिता आईला लोणच्याच्या तेलावरून टाकून बोलत होती. सप्टेंबरात मुलगी झाली. ठणठणीत, काळीसावळी, रडकी.

कांदा-लसूण तिनं आजतागायत तोंडात घातलेला नाही. सकाळी सामायिक करायला, म्हणजे घटकाभर ध्यानाला बसते, तेव्हा घरात कुणी भांडं वाजवत नाही. त्यावर माझं काही म्हणणं नाही. आता ती मुंगीला वाट देते ते मुंगीवरच्या मायेनं, नरकाच्या धाकानं नव्हे. हा फरक मला कळायला वेळ लागला. मला वाटायचं, भीती काढायची तर सगळंच मुळापासून उपटावं लागतं. लीलाधरला आधीच कळलेलं होतं, पण तो कुणाला सांगत बसला नाही.

१९७२ च्या श्रावणात सुगन जळगावला माझ्या खोलीवर आली. मुलीला कडेवर घेऊन, एकटी, एस.टी.नं. म्हणाली, "अक्का, गुरुणीजींचा चातुर्मास धुळ्याला आहे. मला न्याल का? संवत्सरीला खमावून यायचं आहे, क्षमा मागून."

"लीलाधरला ने की."

"त्यांना नेलं तर मिरवायला आणल्यासारखं दिसेल. तुम्ही चला."

मी हो म्हटलं. मग चाचणीच्या वह्या आल्या. मग म्हटलं दिवाळीनंतर. दिवाळीनंतर चातुर्मास संपला आणि महासती पुढं गेल्या. दोन वर्षांनी कळलं, त्यांचे पाय गेले, चालवत नाही, म्हणून धुळ्यालाच स्थिरवास आहे. म्हणजे कुठं शोधायचं कारण उरलं नव्हतं. जळगावहून सकाळची गाडी धरली तर दुपारी जेवायच्या आत पोचता आलं असतं. सुगन दर संवत्सरीला विचारायची. मी दर वेळी वह्या सांगायची, बदली सांगायची, गुडघा सांगायची.

कारण वह्या नव्हत्या. मला वाटायचं, ही तिथं गेली, त्या बाईंनी पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं, तर आम्ही इतकं करून मिळवलेलं एका दुपारी जाईल. आणि त्या प्रेमानं बोलल्या तर? तर ही परत येईल का? माझ्या भावाचं घर मी एस.टी.च्या तिकिटावर लावायला तयार नव्हते. भ्याले मी. तिला सहा वर्षं भित्री म्हणून झापलं आणि स्वतः सहा वर्षं गुडघा पुढं केला.

१९७८ च्या माघात चंदनबाईकडे धुळ्याहून कार्ड आलं. राजकुंवरजींचा संथारा पूर्ण झाला होता, अन्नपाणी सोडून त्या गेल्या होत्या. सुगननं ते वाचलं आणि माझ्याकडे दिलं.

"काय विचारणार होतीस गं त्यांना?" मी म्हणाले. "त्या दिवशी का बोलल्या नाहीत, हेच ना?"

"नाही," ती म्हणाली. "ते मी त्यांच्यावर सोडलं होतं. त्यांच्या टाचेला भेग पडायची, चालताना रक्त यायचं. मी तूप लावून द्यायची. नंतर कुणी लावतं का, एवढंच विचारायचं होतं."

धुळ्याला आम्ही गेलो नाही.