डावा ढग

जुलै लागला की नेस्टर वासिलेंकोचं बूड एका जागी टेकायचं नाही. बीटाचं सूप अर्धं टाकून उठायचा, पश्चिमेच्या खिडकीशी जायचा, मग अंगणात, मग पुन्हा खिडकीशी. जन्मभर शाळेची बस चालवली, निवृत्त झाला, आणि म्हातारपणी हे खूळ घेऊन बसला. वादळं बघण्याचं! आमच्या कॅनडातल्या सस्कॅचवानच्या माळावर आकाशाला आडवं यायला काही नाही. ढग दोन गावं पलीकडे चढू लागला तरी घरातून दिसतो. दिसला की नेस्टरनं पिकअप काढलीच म्हणून समजा. ढगाच्या मागं मागं जायचं आणि शहरातल्या हवामान कचेरीला फोन करून सांगायचं, गार केवढी, वारा कुठला, ढगाचा तळ फिरतोय का. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देत नव्हतं.

गारेच्या बाबतीत तर महाखडूस. कॉफी प्यायला जमलेल्यांत कुणी म्हणालं, "काय गार होती, मुठीएवढी!" की हा लगेच विचारणार, "मोजलीस?"

"आता पळू का मोजू?"

"मग नव्हती मुठीएवढी. गार सांगताना फुगते."

खिशात टेप असायचाच. न मोजलेली गार त्यानं कचेरीला कधी कळवली नाही, आणि तिथं त्याच्या शब्दाला वजन होतं ते त्यामुळेच.

त्याची बायको स्टेफी गडगडाटाला लहानपणापासून भ्यायची. ढग नुसता गुरगुरला तरी हातातलं टाकून तळघरात पळायची आणि लोणच्याच्या बरण्यांमध्ये, बटाट्याच्या खोक्यावर देवाचं नाव घेत बसायची. आणि नवरा नेमका तेव्हाच घराबाहेर! "अख्ख्या जिल्ह्याच्या पिकांची काळजी तुला," ती म्हणायची, "घरात एक बाई थरथरत असते ती नाही दिसत." तो म्हणायचा, "अगं, मी काय ढग आणतो का? बघतो फक्त." बघतो फक्त! जसं काही त्यानं नाही बघितलं तर ढग रुसून परत जाणार होता.

त्या उन्हाळ्यात स्टेफी काकडीच्या वाफ्यात घसरली आणि पाय मोडून घेतला. मांडीपर्यंत प्लास्टर. तळघराचा जिना म्हणजे तर शिडीच, धडधाकट माणसालाही कठडा धरावा लागतो. आणि त्याच आठवड्यात एका दुपारी हवा चिकट झाली, कुत्रं पायरीखाली जाऊन बसलं आणि नैर्ऋत्येला पांढरा ढग उकळत वर चढू लागला. नेस्टरनं टोपी घेतली.

"आज नको ना जाऊस," खुर्चीत बसल्या बसल्या स्टेफी म्हणाली.

"हा खालून जाणार गं, दक्षिणेकडून. सरळ पेलमन गावावर. इथं थेंब पडायचा नाही."

"आणि पडला तर? मला जिना कोण उतरवणार, कुत्रं?"

"माझा शब्द आहे, स्टेफी. माझा ढग कधी चुकलाय?"

फारसा चुकला नव्हता, हे खरं. ती त्याच्याकडे बघत राहिली. "जा बाबा," शेवटी म्हणाली. "नाहीतरी तू इथं बसलास तरी इथं नसतोसच."

एवढं ऐकल्यावर शहाण्यानं टोपी खुंटीला लावली असती. हा गेला.

खडीच्या रस्त्यावर धुरळा उडवत तो ढगासमोर पोचला, आणि तिथं तो थोरला ढग त्याच्या डोळ्यांदेखत मधोमध चिरला. उजवा तुकडा देखणा, वर ऐरणीसारखा पसरलेला, पोटाशी गर्द निळा. तो ठरल्याप्रमाणे पेलमनकडे वळला. डावा तुकडा लहान, मळकट, फाटक्या गोधडीसारखा. तो ईशान्येला सरकला. ईशान्येला काय होतं? स्टावोक. म्हणजे आमचं गाव, नेस्टरचं घर.

आता ऐका गंमत. चिरलेल्या ढगाचा डावा तुकडा कधी सोडू नका, गारा त्याच्याच पोटात असतात, हे चर्चच्या हॉलमध्ये लोकांना खडूनं चित्र काढून शिकवणारा कोण? हाच! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. नेस्टरनं डाव्या तुकड्याकडे एकदा पाहिलं. 'लेचापेचा आहे, वाटेतच विरेल,' असं मनाशी म्हणाला आणि देखण्याच्या मागं लागला. मनात काहीतरी टोचत होतं. त्यानं गाडीचा वेग वाढवला, म्हणजे टोचणी मागं पडेल.

पेलमनला पोचला तर त्या देखण्या ढगानं दिलं काय? वाटाण्याएवढ्या गारा आणि थोडा पाऊस. नेस्टरनं त्याही मोजल्या. मग पेट्रोलपंपावरून कचेरीला फोन लावला. मोबाइल तेव्हा कुणाकडेच नव्हते.

"पेलमनचं राहू दे," पलीकडचा माणूस म्हणाला. "तुमच्या स्टावोकवर काय चाललंय? डावा तुकडा रडारवर लालभडक झालाय. तू तिथं असशील म्हणून वाट बघत होतो."

नेस्टरनं फोन ठेवला. त्यानं घरचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना.

"काय रे, भुतासारखा पांढरा पडलास?" पंपवाल्या लॉर्ननं विचारलं. नेस्टर गाडीकडे धावला, उरलेली नाणीही तशीच फोनवर राहिली.

परतीचा रस्ता संपता संपेना. स्टावोकच्या अलीकडे चिखल सुरू झाला, गाडी शेपटी हलवत घसरू लागली. दोन्ही बाजूंचा गहू भुईसपाट झाला होता आणि सांदीसांदीत गारांचे ढीग वितळत होते. एरवी तो उतरून मोजत बसला असता. आज तो मोठ्यानं बोलत होता. "जिना उतरू नकोस. स्टेफी, एकटीनं जिना उतरू नकोस." आणि लगेच, "देवा, उतरली असू दे."

पश्चिमेच्या खिडकीची काच स्वयंपाकघरभर झाली होती. खुर्ची रिकामी. तळघराचं दार उघडं.

"स्टेफी!"

"ओरडू नकोस, बहिरी नाही झाले," खालून आवाज आला.

तो कसाबसा खाली उतरला. बटाट्याच्या खोक्याला टेकून ती जमिनीवर बसली होती, प्लास्टरचा पाय लांब केलेला, डोक्यावर पिरोगीच्या बटाटाभरल्या करंज्या उकडायचं पातेलं. एकेक पायरी बसत बसत, पाय ओढत ती उतरली होती. कोपरं सोलवटली होती आणि हनुवटी अजून थरथरत होती. नेस्टर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्यानं ते पातेलं हलकेच काढलं. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

"फोन वाजत होता," ती म्हणाली. "पण वर कशी जाणार? एक गार खिडकीतून आत आली, थेट टेबलाखाली. तुझ्यासाठी घेऊन आले. बरणीत घालून ठेवावी म्हटलं तर बरणीच्या तोंडातून जाईना. मग ओच्यात धरून बसले."

"केवढी होती?" निघून गेलं तोंडातून. जित्याची खोड!

तिनं बोटं फाकवून दाखवलं. चांगल्या मोठ्या संत्र्याएवढी. इतकी वर्षं माळावर वणवण करून नेस्टरनं एवढी गार कधी पाहिली नव्हती. सवयीनं त्याचा हात खिशातल्या टेपकडे गेला.

"टेप राहू दे," स्टेफी म्हणाली. "वितळली. ओचा ओला आहे तेवढा. आता माझ्या शब्दावर विश्वास ठेव. मी तुझ्या शब्दावर ठेवला होता."

नेस्टरनं तिला पाठुंगळीला घेऊन वर आणलं, खुर्चीत बसवलं, काचा झाडल्या. तेवढ्यात फोन वाजला. कचेरीच होती.

"पोचलास का घरी? काय पडलं तिथं?"

"गारा. एक मोठ्या संत्र्याएवढी."

"बाप रे! मोजलीस ना?"

स्टेफी खुर्चीतून त्याच्याकडे बघत होती.

"मोजली नाही. माझ्या बायकोनं हातात धरली होती. लिहून घे."

"न मोजता? नेस्टर, तू सांगतोयस हे? तू काय करत होतास तेव्हा?"

"मी इथं नव्हतो," नेस्टर म्हणाला.