टाचेवरचा मांडव

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी दहा वर्षं एकच काम करते आहे. कातडीतल्या प्रथिनाचं, म्हणजे कोलॅजनचं, जेल करायचं, त्यात जिवंत पेशी सोडायच्या आणि त्या तग धरतात का ते बघायचं. परिषदांमध्ये यावर मी तासतासभर बोलले आहे. धामणगाव बढ्यात माझ्या आईला मात्र एवढंच ठाऊक होतं की पोरगी जेलीचं कायतरी करते. मीही कधी नीट सांगितलं नाही. कंटाळा, दुसरं काय.

मग बाबांच्या टाचेत खिळा घुसला. शुगर जुनी, जखम दोन महिने भरेना. खामगावच्या सर्जननी तिच्यावर कोलॅजनचा पातळ पडदा बसवला, तेव्हा मी फोनवर नाचायचीच बाकी होते. आईला म्हटलं, "काळजी नको करू, फक्त साफ ठेव."

हे माझ्या आईला सांगितलं! तोंड दिसेपर्यंत तांब्या घासणारी बाई ती. वरची पट्टी बदलताना तिला पिवळसर, बुळबुळीत थर दिसला. पू समजून तिनं कडुनिंबाच्या कोमट पाण्यानं तो रोज थोडाथोडा पुसून काढला. आठव्या दिवशी जखम लखलखीत होती आणि पडद्याचा मागमूस नव्हता. सर्जन म्हणाले, "अजून एकदा लावू. या वेळी धरलं नाही तर पाय काढावा लागेल."

मी रजा टाकून घरी आले आणि आल्या आल्या आईवर ओरडले.

"तूच तं म्हनली साफ ठेव म्हनून," ती खाली बघत म्हणाली. "मले वाटलं पू होय."

तिचं बरोबर होतं. मला माझीच लाज वाटली. पण रडत बसायला वेळ नव्हता, पाय वाचवायचा होता. मी तिला परसात दोडक्याच्या वेलाजवळ नेलं.

"वेल चढाले मांडव लागते का नाई? तो पिवळा थर मांडव होय, माय. बाबाचं नवं मांस त्याच्यावरच चढते. तू रोज मांडवच उपटून राह्यली होती."

तिनं लोंबणारा एक शेंडा मांडवावर चढवला. मग तिनं विचारलं, "अन् वेल चढल्यावर मांडवाचं काय होते?"

"विरून जाते. मांस त्याची जागा घेते."

दुसरा पडदा लागला आणि आई पहाऱ्यावर बसली. पट्टी ओलसर दिसली की तिचे हात शिवशिवायचे, मग ती जाऊन घासलेलाच तांब्या पुन्हा घासायची. शेजारची काकू हळद घेऊन आली, तिला दारातूनच परत पाठवलं. बाबांनी खाजवायला हात नेला की ओरडायची, "हात नोका लावू जी, मांडव हाये तो!"

तीनेक आठवड्यांनी खामगावला सर्जननी जखमेवरची पट्टी सोडली. तळातून लालभडक, दाणेदार मांस वर आलं होतं. पाय वाचला म्हणाले. मी तिथेच रडले. आई नुसती वाकून बघत राहिली.

परतीच्या एसटीत बाबांना झोप लागल्यावर तिनं विचारलं, "दहा वर्सं हेच करतं तू?"

"हाव."

"मंग मले पयलेच काऊन नाई सांगतलं वं? मले समजलं असतं न."