जोडगादी

तिचं शिवलेलं एक वेळ फाटायचं, पण उसवायचं नाही. म्हणून गल्लीत तिचं नावच पडलं होतं पक्की. अंगाने सुटलेलं एखादं गिऱ्हाईक तिने शिवलेला कपडा सैल करायला दुसऱ्या शिंप्याकडे नेई, तेव्हा तो शिंपी कपाळाला हात लावायचा. "हिचे टाके काढण्यापेक्षा तुम्ही बारीक व्हा," म्हणायचा. कच्च्या शिवणीचं नाव काढलं तरी पक्कीच्या कपाळाला आठी पडे.

तिचा नवरा रंगारी. लोकांच्या भिंती रंगवायचा. एकदा शिडीवरून पडला, तेव्हापासून कंबर त्याच्याशी फटकूनच वागायची.

"तुमचं काम वरवरचं," ती चिडवायची. "ओल आली की पोपडे. माझं बघा."

"तुझं कुणाला दिसतं? सगळं आतल्या बाजूला."

"आतलंच टिकतं, रंगारीबुवा."

दोघांना मूलबाळ नव्हतं. एक खोली, एक शिलाई मशीन, आणि एक जुनी गादी, तिच्यात मधोमध खड्डा पडलेला. दोन कडांना दोघं निजली तरी थोड्या वेळाने घरंगळत खड्ड्यात एकत्र यायची. भांडण झालं, पाठ फिरवली, तोंडाला कुलूप लावलं, तरी गादी काही ऐकायची नाही. सकाळी याचं नाक तिच्या खांद्यात. मग कसला रुसवा नि कसलं काय.

पुढे पक्कीचं दुखणं हाडांत उतरलं. त्या खड्ड्यात तिला कूस बदलता येईना. डॉक्टर रंगाऱ्याला बाहेर घेऊन गेले, जे सांगायचं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मऊ गादी घ्या. तेवढंच सुख." आत आला तेव्हा त्याने चेहऱ्यावर उसना रंग चढवला होता. पण पक्कीने उभ्या जन्मात आतली बाजूच पाहिली होती.

गादीच्या दुकानाला रस्त्याकडून मोठी काच होती. दुकानदार गोल गरगरीत, स्वतःच लोडासारखा. "चपला काढा आणि झोपून बघा," म्हणाला. दोघं एका मोठ्या मऊ गादीवर शेजारी शेजारी आडवी झाली, छातीवर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखी ताठ.

"बाई गं," पक्की छताकडे बघत म्हणाली, "दिवसाढवळ्या, तेही काचेत! येणारे-जाणारे बघतायत."

"बघू देत. नवराबायको आहोत."

"आता उठून दाखवा बरं."

तो उठायला गेला. कंबर त्या फोमात अशी रुतली, की दुकानदाराने हात दिला तेव्हा कुठे बाहेर आला.

"ही नको," ती म्हणाली. "यांना काथ्याची टणक दाखवा."

"हीच द्या," तो म्हणाला. "तुला मऊ लागते."

"आणि तुमची कंबर?"

"माझ्या कंबरेचं नंतर बघू."

"नंतर कोण बघणार आहे?"

दुकानदाराचा टेप हातातच राहिला. रंगारी गादीवरच्या प्लास्टिकची सुरकुती बोटाने साफ करत राहिला, जणू भिंतीवरचा ओघळ पुसतोय. हातातले पैसे एका गादीपुरतेच होते, आणि मऊ की टणक यावर दोघंही हटून बसली. एक आताचं बघत होता, दुसरी पुढचं.

शेवटी दुकानदारच म्हणाला, "मागे दोन सुट्या पडल्यात. एक काथ्याची, एक फोमची. एकेरी आहेत, जोडी जमत नाही म्हणून कुणी नेत नाही. दोन्ही मिळून एका मोठ्या गादीच्या भावात देतो. शेजारी लावा, वर एक खोळ चढवा, झाली जोडगादी."

"मधे फट राहील," रंगारी म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला.

"खोळ मी शिवते," पक्की म्हणाली. "फट दिसली तर नाव बदला माझं."

तिला मशीनवर पाय मारवेना. मग रंगारी खाली फरशीवर बसला आणि दोन्ही हातांनी पायडल हलवू लागला. वरून ती कापड सरकवायची.

"हळू! रंगाचा डबा ढवळताय का?"

"जन्मभर पायांनी केलंस ते मी हातांनी करतोय, तरी बोलणी खातोय."

एकाच खोळीत दोन कप्पे, तोंडं पायथ्याशी. दोन्ही गाद्या आत गेल्या. मग ती तोंडं हाताने शिवायला बसली. काथ्याच्या बाजूला दुहेरी दोऱ्याचा बखिया घातला, टाक्याला टाका भिडवून. मधेच दमायची, सुई टोचून ठेवायची, पडायची, परत उठायची. खोळीच्या खालच्या अंगाला तिने नाड्याही लावल्या होत्या.

"या कशाला?"

"असू देत. लागतात."

फोमची बाजू राहिली तेव्हा तिने त्याला चहा करायला पिटाळलं. तो कप घेऊन येतो तर शिवण पुरी, चादर पसरलेली.

"एवढ्यात?"

"हात बसला आता," ती म्हणाली. चहा मात्र तिने त्याच्याकडे न बघता घेतला.

फट दिसली नाही. पण पाठीला कळायची. नवी गादी कुणाला कुणाकडे घरंगळू देत नव्हती. पक्की तिच्या मऊ बाजूला, रंगारी त्याच्या टणक बाजूला. आता तिच्यापर्यंत जायला त्याला हात लांबवावा लागायचा. तो लांबवायचा. तिच्या मनगटावर ठेवायचा, आणि कंबर सरळ ठेवून पडून राहायचा. कंबर खरंच बरी होत होती. त्याचाच त्याला राग यायचा.

एका सकाळी मनगट गार लागलं.

मग बरेच दिवस तो टणक बाजूलाच झोपला. मऊ बाजूची चादर रोज झटकायचा, तिथे बसायचा मात्र नाही. कामावर जायचा, भिंती रंगवायचा, आणि कुणी "कसं काय?" विचारलं की "चाललंय" म्हणायचा.

एक दिवस पक्कीची धाकटी बहीण आली. तिचे गुडघे धरलेले. खाली टेम्पो उभा करून आली होती. दारातच घुटमळली.

"दाजी, रागावू नका. ताईने मला खोळ शिवली तेव्हाच बजावलं होतं, माझी गादी तू ने म्हणून. दोनदा येऊन माघारी गेले. तुमच्याकडे बघून विषय निघेना."

"न्यायची कशी?" रंगारी म्हणाला. "पक्कीची शिवण आहे. पाटा-वरवंटा घेतला तरी उसवायची नाही."

तरी तो कात्री घेऊन पायथ्याशी बसला. चादर उचलली. काथ्याच्या बाजूचा बखिया मुंग्यांच्या रांगेसारखा घट्ट. आणि फोमच्या बाजूला लांब लांब टाक्यांचा धावदोरा. कच्चा. टोकाला गाठसुद्धा नाही, वीतभर दोरा बाहेर सोडलेला, धरायला सोपा जावा म्हणून.

कात्री त्याने खाली ठेवली. दोरा धरला आणि ओढला. सरसर सरसर सगळी शिवण एका दमात त्याच्या हातात आली. जन्मात कच्चा टाका न घातलेल्या बाईने हा एकच घातला होता. तोही त्याला चहाला पिटाळून.

मेहुणीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"नाड्या कशाला ते मला सांगितलं होतं तिने," मेहुणी हळूच म्हणाली. "रिकामी बाजू दुमडून खाली बांधून घ्यायची. म्हणजे तुम्हाला एकट्याला बरोबर होईल म्हणाली."

मऊ गादी त्याने स्वतः खांद्यावर घेऊन खाली उतरवली, टेम्पोत नीट आडवी ठेवली, कड मुडपली होती ती सरळ केली. मेहुणीला म्हणाला, "उन्हात टाकू नकोस."

वर आला. दोऱ्याची गुंडाळी अजून बोटावर होती. खोळीची रिकामी बाजू पलंगावर लोळागोळा होऊन पडली होती. त्याने नाड्या हातात घेतल्या, एक गाठ मारली. मग सोडली. पक्कीचं सगळं ऐकलं, एवढं एक ऐकलं नाही. रिकामी बाजू तिच्या जागेवर पसरली, तळहाताने सुरकुत्या काढल्या, आणि चादर दोघांवरून ओढावी तशी दोन्हीकडून घातली.