दोराबाईंचा खिळा

मला ती बाई कधीच आवडली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला साळसूद समजायला नको.

आमच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची. अकरा वर्षं, आणि अकराही वर्षं हंगामी. पोरं तिला दोराबाई म्हणायची, कारण तिच्या पर्समध्ये कंगवा नसला तरी दोऱ्याचं रीळ हमखास असायचं. मी गणिताचा. मला पाठीमागे कडू मास्तर म्हणतात, म्हणेनात का!

आमचं वाजलं ते टेबलावरून. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत एकच लांबलचक टेबल. सकाळी तिथे तिचा वर्ग, दुपारी माझी कच्ची पोरं. मी वह्या ठेवायला जावं तर कुठे ओला डिंक, कुठे पुठ्ठ्याचे कपटे. एकदा स्टाफरूममध्ये म्हटलं, "बाई, टेबल पुसून जात चला."

"पुसलंय की, सर. हे डाग जुने आहेत. तुमच्यासारखे, मुरलेले."

सगळ्यांसमोर! स्टाफरूम खो खो हसली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या वर्षी तपासणी समिती येणार होती. हेडमास्तरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, समितीला काम आवडलं तर तुम्ही कायम, नाहीतर विषयच बंद. मग काय, बाई पेटली. प्रत्येक पोराने आपली चित्रं ठेवायला स्वतःच्या हाताने फोल्डर करायचं. दोन जाड पुठ्ठे, मधे कापडाची पट्टी, बांधायला फिती, कडेने नक्षी. आणि वर पोराचं नाव, पण साधं नाही. पहिलं अक्षर हातभर, पुढची लहान लहान होत लांब पळत गेलेली.

"नाव असं दिसलं पाहिजे, की रस्त्याने चालत निघालंय," ती म्हणायची.

त्यासाठी तिचा खिळा. टेबलाच्या एका टोकाला खडूने चौकट आखलेली, त्यात फोल्डर ठेवायचं. पार दुसऱ्या टोकाला खिळा, त्याला दोरा. दोरा ताणून अक्षरांच्या डोक्याला धरायचा, रेघ मारायची, मग पायाला धरायचा, रेघ मारायची. सगळ्या रेघा त्या खिळ्याकडे धावणार. हे ती तिच्या वडिलांकडून शिकली होती. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. "बाबा शिडीवर आणि मी खाली दोरा धरून," असं ती डबा खाताना सांगायची. आता ती भावाकडे राहायची. "वहिनी रोज विचारते, कायम कधी होणार म्हणून," हेही सांगायची. आम्ही कुणी विचारलेलं नसायचं.

तपासणीच्या आदल्या दुपारी त्या खिळ्यात माझ्या कोटाची बाही अडकली. टर्रकन कोपरापर्यंत फाटली. एकुलता एक कोट माझा! चाळीस पोरांची पहिली नावं आखून झाली होती, आडनावं सकाळी व्हायची होती. मी शिपायाकडून पक्कड आणली आणि खिळा उपटून खिशात टाकला.

घरी बायको बाही शिवताना म्हणाली, "खिळा काढून आणलात? मग उद्या पोरांनी काय करायचं?"

"मला काय त्याचं?"

"काहीतरीच तुमचं. सकाळी लवकर जा आणि ठोकून या."

गेलो. पण जुनं भोक सैल झालं होतं, खिळा डगडगत होता. म्हणून चार बोटं बाजूला ठोकला. जुनं भोक साबणाने बुजवलं. उगाच वाईट दिसायला नको. हे मी बायकोला असंच सांगितलं.

बाई सकाळपासून खाली सभागृहात चित्रं टांगण्यात गुंतली होती. पोरांना रीत पाठ होती. त्यांनी भराभर आडनावं आखली, रंग भरले, फिती बांधल्या. अकराला फोल्डरं सभागृहात ओळीने मांडली गेली.

समितीतल्या एका बाईंनी एक उचललं आणि लांब धरलं. मग दुसरं, मग तिसरं. "ही सगळी नावं मधेच मोडल्यासारखी का दिसतात हो?"

दोराबाईने फोल्डर घेतलं. एक डोळा मिटून पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती जिना चढून वर गेली आणि पाच मिनिटांनी खाली आली. मी दाराशीच उभा होतो. तिच्या नखात साबण होता.

"चूक माझी आहे," ती समितीला म्हणाली. "दोरा लावायच्या आधी खिळा मी बघायला हवा होता." माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, सुटलो.

विषय बंद झाला. टेबल दिवसभर माझं झालं.

शेवटच्या दिवशी तिने माझ्यापुढे एक फोल्डर ठेवलं. निळा पुठ्ठा, कडेने बारीक वेल, आणि वर झोकात पळणारी अक्षरं: कडू मास्तर. स्टाफरूम पुन्हा हसली. मीही हसलो, कारण तिच्या तोंडाला लागायची ती शेवटचीच वेळ होती.

घरी बायकोने ते उजेडात धरलं. "काय सुरेख काढलंय हो! फक्त मधे जरा मोडल्यासारखं वाटतं."

मी तिच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला. फोल्डर जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ठेवलं. 'कडू'च्या वरच्या आणि खालच्या रेघेवरून दोरा ताणला. जिथे रेघा मिळाल्या तिथे टाचणी खोचली. मग 'मास्तर'च्या रेघा ताणल्या, दुसरी टाचणी खोचली. दोन्ही टाचण्यांच्या मधे बोटं ठेवून पाहिली. बरोबर चार बसली.

"अहो, काय झालं? असे काय बसलात?"

"ते भोक," मी म्हणालो, "सैल नव्हतं गं."