रामघाटाची संध्याकाळ आणि माझा अतिशहाणा फोन

यावेळी उज्जैनला गेले ते महाकालासाठी नाही. देव रागावणार नाही, त्याच्याकडे तशीही रोज भरपूर गर्दी असते. मी गेले एका संध्याकाळचा रंग आणायला, आणि तो आणताना माझी माझ्याच फोनशी जी भांडणं झाली, त्यांचं हे वर्णन. वाटेचे आणि खाण्याचे तपशील मधे मधे येतील, तेवढे जपून ठेवा.

माझे बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक. वाढले उज्जैनला, नोकरीसाठी नाशिकला आले आणि इथलेच झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा गेला. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले की डाव्यातही सुरुवात झाली आहे, इंजेक्शनं देत राहू, पण किती टिकेल ते आज सांगता येणार नाही. घरी आल्यावर बाबांनी माळ्यावरून जलरंगांची पेटी काढायला लावली आणि म्हणाले, "रामघाट राहिलाय." आयुष्यभर त्यांनी मुलांना सफरचंद आणि सुरई काढायला शिकवलं. शिप्रेकाठच्या ज्या घाटावर रोज संध्याकाळी जाऊन बसायचे, तो घाट कधी रंगवला नाही. पुढच्या सुट्टीत, असं म्हणत म्हणत राहून गेलं.

कमरेच्या ऑपरेशननंतर त्यांना तासभरही गाडीत बसवत नाही. त्यामुळे ठरलं असं, की मी जायचं, दिवेलागणीच्या वेळचा घाट फोटोत पकडायचा, आणि त्यावरून बाबा चित्र काढतील. माझा फोन नवा, कॅमेरा भारी. मला वाटलं, एका संध्याकाळचं काम आहे.

पहाटे पाचला एकटीच गाडी घेऊन निघाले. धुळे, शिरपूर, मग सेंधव्याचा घाट. घाटात ट्रकांच्या मागे मुकाट्याने चालायची तयारी ठेवा, ओव्हरटेकची खुमखुमी घरी ठेवून या. घाट चढून गेलं की पहिल्या बऱ्या टपरीवर थांबायचं आणि पोहे-जलेबी मागायची. आपल्या पोह्यांवर खोबरं असतं, तिकडे शेव, बारीक कांदा आणि जीरावन नावाचा आंबटतिखट मसाला. पोट भरून चाळीस रुपये. इंदूरच्या बाहेरून वळसा घेऊन तीनच्या सुमाराला उज्जैनला पोचले, वाटेतले थांबे धरून दहा तास.

मुक्काम माधव नगरला, मालूआत्याकडे. ही बाबांची धाकटी बहीण, शाळेतून निवृत्त, घरात एकटी आणि रुबाबात राहते. बहीणभावांची प्रत्यक्ष गाठ चार वर्षांत नाही. तिच्या गुडघ्यांनी प्रवास बंद केला, त्यांच्या कमरेने. चपला काढायच्या आतच मी घड्याळ बघायला लागले, तर म्हणाली, "मिनू, पहले बस, चाय पी. शिप्रा कुठे भागून नाही चालली." तरी साडेपाचला मी ई-रिक्षात होते. गाडी घाटाकडे नेण्याचं धाडस करू नका, गल्ल्यांमध्ये आरसे शिल्लक राहत नाहीत. आणि शनिवार, रविवार, सोमवार टाळा.

रामघाटावर बसलं की सूर्य समोरच्या काठामागे जातो. थंडीचे दिवस, त्यामुळे सहाच्या आतच तो गेला होता. पाणी ना निळं ना हिरवं, पितळेचं भांडं बरेच दिवस घासलं नाही तर दिसतं तसं. खालच्या पायऱ्या जवळजवळ काळ्या. मी फोन धरला. पडद्यावर क्षणभर अगदी तेच दिसलं, म्हणून खूश होऊन बटण दाबलं. मग फोनने थोडा विचार केला, आणि माझ्या डोळ्यांदेखत आभाळ निळंशार झालं, पाणी पाचूसारखं, पायऱ्या धुऊनपुसून लख्ख. शेजारी बसलेले सावळे पुजारीबुवा एकदम गोरे. दिवेलागणीची चक्क दुपार झाली होती.

तोच फोटो बाबांना पाठवला. दोन मिनिटांत फोन आला.

"हे कुणी रंगवलं?"

"बाबा, मी फोटो काढलाय."

"काढलास तू. रंगवलं कुणी?"

मग सेटिंगमध्ये शिरले. आपोआप उजळवणं बंद केलं, सौंदर्य वाढवणं बंद केलं (नदीचं सौंदर्य वाढवायला हा कोण?), दृश्य ओळखणं बंद केलं. तरी ढिम्म. फोन जरा कमी शहाणपणा करायला लागला, एवढंच. कच्ची, म्हणजे फोनने हात न लावलेली, फाइल जपून ठेवणारं एक वेगळं ॲप उतरवलं. ती फाइल एका ठिकाणी करडी दिसे, दुसऱ्या ठिकाणी उघडली की पुन्हा उजळ. खरी कोणती, ते फाइलच सांगू शकत नव्हती. मला इतका संताप आला की पुजारीबुवांनी पाणी देऊ केलं.

घाटावर एक फोटोवाले काका असतात, खांद्यावर कॅमेरा, पिशवीत बॅटरीवर चालणारा छोटा प्रिंटर. यात्रेकरूंचे फोटो काढून जागच्या जागी छापून देतात. त्यांना माझं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांना नवल माझ्या फोनचं वाटलं नाही, माझंच वाटलं. म्हणाले, "दीदी, अँधेरा फोटो कोई लेता नहीं. मैं खुद उजाला बढ़ाके देता हूँ." फोन बनवणारे मूर्ख नाहीत, हे तिथे मला कळलं. लोक मागतात तेच ते देतात. माझं गिऱ्हाईक तेवढं वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने मला भैरवगढला पिटाळलं. तिला पलंगपोस हवा होता, आणि माझं तोंड तिला घरात नको होतं. भैरवगढ म्हणजे कापडावरच्या छपाईचं गाव. माधव नगरहून रिक्षाने अर्धा तास लागतो. तिथे रशीदभाई छपाईवाल्यांकडे आत्याचं जुनं खातं, म्हणजे जुनी ओळख. लांब टेबलावर कापड ताणलेलं, लाकडी ठसा उचलायचा, टेकवायचा, वरून मुठीने एक ठोसा. मी बघत उभी राहिले ती राहिलेच. गंमत म्हणजे ठसा उठतो तेव्हा लाल दिसतच नाही. फिकट डाग दिसतो. कापड रंगाच्या कढईत उकळून निघालं की मग त्या डागांतून लाल वर येतो.

मी सवयीने फोन काढला आणि एका मरून कापडाचा फोटो घेतला, आत्याला पसंतीसाठी पाठवायला. रशीदभाई हात पुसत आले आणि फोनवर हात आडवा धरला.

"फोटो पे हम रंग पक्का नहीं करते, बहनजी. चिंदी ले जाइए."

मग कळलं. कोण्या बाईंनी एकदा फोटो पाठवून रंग सांगितला होता. यांनी त्या फोटोप्रमाणे चाळीस मीटर कापड रंगवलं, आणि बाईंनी हातात घेतल्यावर ते परत केलं. बाईंच्या फोनचा लाल वेगळा, यांच्या फोनचा वेगळा, आणि मुळात बाईंच्या साडीचा तिसराच. तेव्हापासून नियम झाला. रंग हवा असेल तर कापडाचा तुकडा कुरियरने पाठवायचा किंवा इथून न्यायचा. दाराशी तारेवर शेकडो चिंध्या टांगल्या होत्या. प्रत्येक कढईतून निघालेली पहिली पट्टी ते अशी लावून ठेवतात. काळ्याचेच डझनभर प्रकार होते, आणि करड्याचे तर विचारू नका.

त्या तारेकडे बघताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या प्रकाशाला मात्र माझी हरकत नव्हती. मी रशीदभाईंना बाबांची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी टाकाऊ पट्ट्यांचं एक गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. पैसे विचारले तर पलंगपोसाचे तेवढे घेतले.

त्या संध्याकाळी फोन पर्समध्ये आणि चिंध्या मांडीवर. एकेक पट्टी पाण्यासमोर धरायची, डोळे बारीक करायचे, नाही म्हणायचं, दुसरी घ्यायची. जुळली की सेफ्टी पिनेने वहीत लावायची आणि पुढे लिहायचं: पाणी, काठाजवळ. पाणी, मधलं. देवळाचा ओटा. पाचवी पायरी. फोटोला एक क्षण लागला असता, मला तास लागला. आणि त्या तासात मला लहानपणापासून पाहिलेला घाट पहिल्यांदा दिसला. काठाजवळचं पाणी मधल्यापेक्षा गडद असतं, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. फक्त आभाळ जमेना. गाठोड्यातली सगळ्यात पांढरी पट्टीसुद्धा आभाळापुढे मळकी दिसत होती.

बाबांना फोन करून विचारलं. ते हसले. म्हणाले, "आभाळाची चिंधी सापडायची नाही. तिथे मी कागद कोरा सोडीन. तू खालचं आण."

आत्याने निघताना दालबाफले, म्हणजे डाळीबरोबर तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, खाऊ घातले. ते खाऊन लगेच गाडी चालवू नका, हा अनुभवाचा सल्ला. मी दुसऱ्या दिवशी निघाले.

घरी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उत्साहाने वही पुढे केली, तर बाबांनी ती मिटून ठेवली. पट्ट्या संध्याकाळी बघायच्या म्हणाले, ज्या उजेडात जुळवल्या त्याच उजेडात. सहा वाजता खिडकीशी खुर्ची घेतली आणि एकेक पट्टी डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेऊन पाहिली. फोनचा पडदा असा धरला की त्यांना नुसती चकाकी दिसते, कापडाचं तसं नाही. पाचव्या पायरीची पट्टी त्यांनी बराच वेळ धरून ठेवली.

"ही पायरी कोरडी होती की ओली?"

"ओली," मी म्हणाले. "एक बाई नुकतीच अंघोळ करून वर गेली होती."

"मग बरोबर आहे."

मी चहा करायला गेले. या प्रवासातून माझ्याकडे काय राहिलं असं कुणी विचारलं, तर हे. फोनमध्ये दोनशे सहा फोटो आहेत, आणि पायरी ओली होती हे त्यांतल्या एकातही नाही.

चित्राला अकरा दिवस लागले. रोज उजेड असेतो थोडं थोडं. पाण्याची एक कड त्यांना दिसली नाही, ती वाकडी गेली आहे, आणि ती त्यांनी तशीच ठेवली. बाकी तो रामघाट आहे, सहा वाजताचा.

मी लगेच त्याचा फोटो काढून आत्याला पाठवला. खोड जात नाही. फोनने थोडा विचार केला आणि बाबांच्या संध्याकाळची पुन्हा दुपार केली. आत्याचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"दादा, चित्र सुंदर आहे रे. पण दोपहरचं का काढलंस?"

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, आता फोनवर आणि माझ्यावर एकत्रच बरसणार.

"माले, फोटोत नको बघूस. इथे येऊन बघ," ते म्हणाले. "मिनू गाडी घेऊन येईल तुला आणायला, वाटेत हवं तेवढं थांबा. मला अजून दिसतंय. तेवढ्यात ये, म्हणजे तूही दिसशील."

पलीकडे आत्याने घसा साफ केला.

"सेव कोणती आणू?" तिने विचारलं. "लौंगवाली की फीकी?"