कापडाचं दुसरं टोक

आधीच सांगते, आमच्या घरात असल्या गोष्टींना जागा नाही. भूत, भानामती, अंगात येणं... असलं कुणी बोलायला लागलं की माझे आजोबा उठून जायचे. त्यात मी बी.एस्सी.ला, केमिस्ट्री घेऊन. त्यामुळे हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. जमेल तसं लिहिते.

आमचं गाव पूर्णा तालुक्यात, चुडावा स्टेशनवर उतरून पायी जाण्यासारखं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वडील पुण्यात वॉचमन आहेत, दिवाळीला आणि भीमजयंतीला येतात. एरवी घरी माय एकटी, आणि तिची शेळी. मागच्या डिसेंबरात सेमिस्टरचे पेपर संपले आणि मी परभणीहून सुट्टीला गेले.

सुट्टी फार छान चालली होती, खरंच. गजर नाही, मेसची रांग नाही. सकाळी अंगणात उन्हाला बसायचं, मायनं चुलीवरची भाकरी हातात द्यायची, खाता खाताच परत डोळा लागायचा. कालचा दिवस कुठं संपला आणि आजचा कुठं सुरू झाला, कळायचं नाही. गल्लीतल्या बाया विचारायच्या, साहेबीन आली का? मग माय हसून सगळ्यांना सांगायची, पोरगी सायन्सला हाय.

मला मात्र तिला एक सांगायचं होतं. मी परत जाणार नव्हते. शिकवणं सगळं इंग्रजीत, आणि मी शेवटच्या बाकावर. प्रॅक्टिकलच्या व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी एक साधा प्रश्न विचारला आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यांनी परत विचारलं. मग "नेक्स्ट" म्हणाले. तेव्हाच मी ठरवलं होतं. पण मायच्या तोंडाकडं बघितलं की सांगणं उद्यावर जायचं.

आमच्याकडं या दिवसांत हरभऱ्याची आंब धरतात. दवानं भिजलेल्या हरभऱ्यावरून सकाळी सकाळी स्वच्छ पांढरं कापड फिरवायचं आणि ते पिळून निघालेलं आंबट पाणी बाटलीत भरून ठेवायचं. वर्षभर पोटदुखीला चालतं. कापड लांब असलं की दोघी लागतात — एकीनं हे टोक धरायचं, दुसरीनं ते. एकटीनं ओढलं तर शेंड्यांना अडकतं, मातीत लोळतं.

आम्ही निघालो तेव्हा धुई इतकी होती की बांधावरची बाभळसुद्धा दिसत नव्हती. अर्ध्या वाटेत मायला आठवलं, बाटली घरीच राहिली. तू हो म्होरं, मी आलेच, म्हणून ती मागं फिरली.

मी शेतात पोचले, वडिलांचं जुनं धोतर पसरलं आणि एक टोक धरून उभी राहिले. सगळं पांढरं. कुठून तरी रेल्वेचा आवाज आला, तोही कापसात गुंडाळल्यासारखा. जरा वेळानं कापड पलीकडून उचललं गेलं, हाताला ताण आला. मला वाटलं, आली माय. आम्ही चालायला लागलो.

तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल... मी बोलून गेले.

"माय, मी न्हाई जायची आता कॉलेजला."

कापड थांबलं नाही. पलीकडून आवाज आला, मायचाच, जरासा बसलेला.

"काहून?"

मी व्हायव्हाचं सांगितलं.

"काय इचारलं व्हतं त्यानं?"

"तुला न्हाई कळायचं."

"सांग तं."

मग मी सांगत गेले, आपल्या बोलीत. अ‍ॅसिडमध्ये अल्कली थेंबथेंब टाकायची, रंग बदलला की थांबायचं. आमचं अ‍ॅसिड लेचंपेचं आणि अल्कली तगडी, म्हणून दोघांचा हिशेब मिटला तरी पाणी अल्कलीकडंच झुकलेलं राहतं. म्हणून तिकडं गेल्यावरच रंग दाखवणारं औषध घालावं लागतं. सर तेच विचारत होते, हेच औषध का म्हणून.

पायाखाली नुसती ओली पानं घासत होती.

"मग येतं की तुला."

एवढंच. मी रडायला लागले, पण चालत राहिले. त्या पांढऱ्यात रडल्याचंही काही वाटत नव्हतं. शेत संपलं, कापड जड झालं होतं. आण बाटली, मी म्हणाले. हातातला ताण अलगद सुटला. धुई विरळ व्हायला लागली... कापडाचं दुसरं टोक हरभऱ्यावर नीट अंथरलेलं होतं. तिथं कुणीच नव्हतं.

आणि गावाकडच्या वाटेनं माय येत होती, हातात बाटली घेऊन, लगबगीनं, लांबूनच बोलत. शेळी व्यायला लागली होती, म्हणून तिला निघताच आलं नव्हतं. जवळ येऊन तिनं कापड बघितलं.

"एकटीनं केलंस एवढं? मातीबी न्हाई लागली."

आम्ही दोघींनी ते पिळलं. बाटली गळ्यापर्यंत भरली.

स्वप्न म्हणावं तर बाटली भरलेली. शेजारच्या शेतातली कुणी म्हणावं, तर माझ्याशी असं कोण बोलेल? मी काहीच बोलले नाही. सुट्टी संपत आली तशी बॅग भरायला लागले. जायचं कधी ठरलं, ते माझं मलाच कळलं नाही.

निघायच्या दिवशी चुडाव्याच्या प्लॅटफॉर्मवर मायला सगळं सांगितलं. कॉलेज सोडणार होते तेही. ती रुळांकडं बघत ऐकत होती. मी म्हणाले, खरं सांग, तूच होतीस ना?

"मी असते तं असं म्हणले नसते, बाई," ती म्हणाली. "तू आल्यापून घर भरल्यावानी वाटायलंय. मी तं ऱ्हा म्हणले असते."

गाडी आली. बॅग तिनंच उचलून आत ठेवली.

तिकडच्या टोकाला कोण होतं, मला अजून सांगता येत नाही. माय खोटं बोलत नाही, एवढं मला माहीत आहे. तिनं ऱ्हा म्हटलं असतं, आणि मी राहिले असते.