नवसाचे रोडगे

गव्हाची कणीक भिजवल्याचा वास आला की मला आजही मळमळतं. लोकांना त्या वासानं भूक लागते म्हणे. लागो बापडी. माझं अर्धं बालपण त्या कणकेनं संडासात घालवलं, तेव्हा तिच्याबद्दल मला प्रेम वाटावं अशी अपेक्षा कोणी करू नये.

आम्ही वर्ध्याला राहायचो. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. वडील शाळेत मास्तर, म्हणून आमच्याकडे रोज पोळ्या. भाकर खायची ती खेड्यातल्या लोकांनी, असा एक उगाचचा थाट होता. त्या थाटापायी मी वाळत गेले. हातपायाच्या काड्या, पोटाचा नगारा, आणि माझ्या पोटाची चर्चा ओसरीवर, पाहुण्यांसमोर, चहा पिता पिता. "पातळ होते काय? वास येते काय?" बायका बशी तोंडाला लावूनच विचारायच्या आणि मग फुर्रकन घोट घ्यायच्या. मला त्यांच्या बशीसकट त्यांचा तिटकारा होता. जंत म्हणून झालं, नजर म्हणून झालं, गळ्यात ताईत बांधून झाले. शेवटी, मी अकरा वर्षांची असताना, नागपूरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की हिच्या आतड्याला गहू चालत नाही. कणभरही नाही, आणि जन्मभर नाही. आईनं दुसऱ्या दिवशीपासून मला जवारीची भाकर सुरू केली. काही महिन्यांत मी माणसात आले.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, अल्लीपूरला शेतकऱ्याच्या घरी दिलेली, तिनं माझ्या आजारपणात केळझरच्या गणपतीला नवस बोलून ठेवला होता. पोरगी बरी झाली तर रोडग्यांचा स्वयंपाक करीन आणि पहिला घास तिलाच भरवीन. रोडगा म्हणजे जाड्याभरड्या गव्हाच्या पिठाचा गोळा, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला. पोरगी बरी झाली गहू सोडून, आणि नवस फेडायचा तो गहू खाऊन! यात देवाला बोल लावायचीही सोय नव्हती, कारण त्यानं बिचाऱ्यानं काही मागितलंच नव्हतं.

आत्या दिवस ठरवायला घरी आली तेव्हा आईनं आधीच सांगून टाकलं, "बाई, आम्ही येतो. पण पोरगी रोडगा नाई खाणार. तिची भाकर मी संग आणीन."

"काऊन वो वहिनी? देवाचं अन्न कोणाले बाधते काय?"

"तिले बाधते."

"ज्यानं तिले बरं केलं, तोच बिघडवीन काय?"

 आईनं वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "पाहू. तिथं गेल्यावर पाहू." त्यांचं सगळं आयुष्य या 'पाहू'वर चाललं. शेवटी आत्याच म्हणाली, "बरं बाई, नाई देत. तुही पोरगी तूच सांभाळ." आणि जाताना माझा मुका घेऊन चहात बुडवून खाल्लेल्या बिस्किटाचा ओला चुरा माझ्या गालावर ठेवून गेली. मी मोरीत जाऊन गाल रगडून धुतला.

केळझर वर्ध्याहून एसटीनं जवळच. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. एवढ्याशा प्रवासाची आईनं आठवडाभर तयारी केली. लोक काशीला याहून कमी तयारीनं जातात. चक्कीवर जवारी दळायची नाही, कारण तिथं आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दगडात शिल्लक असतो. म्हणून शेजारणीचं जातं धुऊन, वाळवून आईनं त्यावर पीठ काढलं. वरणाला हिंग नाही, कारण तिनं दुकानदाराला खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हिंगात पीठ असतेच ना बाई, त्याबिगर त्याचा खडा कसा बनीन?" माझा तवा वेगळा, ताट वेगळं, पाण्याचा गडवा वेगळा, हात धुवायला साबणाची वडी. भाकरी ओल्या फडक्यात, सोबत मुरमुरे आणि तिळाचे लाडू. आणि इतकं करूनही काही झालंच तर, म्हणून पिशवीच्या तळाशी जुन्या लुगड्याचे तुकडे. ते तुकडे कशासाठी आहेत हे मला माहीत होतं आणि पिशवीकडे पाहिलं की मला स्वतःचीच घाण वाटायची. बरोबरीच्या मुली सहलीला जाताना पावडर लावायच्या, आणि मी हे घेऊन निघाले होते.

टेकडीवर देवळाच्या आवारात पोचलो तेव्हा आत्याचं सगळं गणगोत जमलेलं होतं. बायका परातींमध्ये कोपरापर्यंत हात घालून कणीक मळत होत्या. हवेत पीठ उडत होतं. आईनं मला लांब, झाडाखाली बसवलं. तिथूनही सगळं दिसत होतं. पुरुषांनी विस्तवातून रोडगे काढले आणि राख झाडायला ते खांद्यावरच्या दुपट्ट्यात घालून घुसळले. त्याच दुपट्ट्यानं ते मघापासून मानेचा घाम पुसत होते. मग तुपात बुडवणं, बोटं चाटणं, चाटलेली बोटं पुन्हा तुपात. सगळे म्हणत होते काय सुंदर वास सुटला आहे. मी नाकाला फ्रॉक लावून बसले होते.

नैवेद्य झाला. आई गडवा भरायला गेली. तेवढ्यात आत्या मागून आली, डाव्या हातानं माझी हनुवटी धरली आणि तूपगुळात कालवलेला घास माझ्या तोंडात कोंबला. "मोरया!" सगळे ओरडले. आत्याचा तळवा माझ्या ओठांवर दाबलेला. "गीळ माय, एवढासाक तर हाये. गीळ." वडील समोरच उभे होते. त्यांनी चपलेतला खडा काढायला मान खाली घातली.

तोंडात ती चव ओळखीची होती. गिळलं की पुन्हा ते सगळं सुरू होणार होतं, पोट, पातळ, बशा. मी आत्याचा हात झटकला आणि थुंकले. घास धुळीत पडला.

 मग एक बाई म्हणाली, "प्रसाद थुकला वो पोट्टीनं." आणि आत्या मटकन खाली बसली. मला वाटलं होतं ती मारेल.  "आता कसं होईन? नवस मोडला. हे पोरगी आता वाचत नाई," असं म्हणत ती खरोखर रडायला लागली. तिची मला दया यायला हवी होती. मला तिच्या तुपकट तळव्याचा वास तेवढा येत होता.

आई धावत आली. तिनं माझं तोंड उघडून पाहिलं, धुळीतल्या घासाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मग वाकली, तो चावलेला, माझ्या थुंकीनं चिकट झालेला, माती लागलेला घास बोटांनी उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. चावताना दाताखाली खडा वाजल्याचा आवाज मी ऐकला. तिनं गिळलं.

"झाला नवस," ती आत्याला म्हणाली. "माह्याच पोटातली पोरगी हाये. तिच्या वाट्याचं मी खाल्लं तर देवाले चालते. उठा आता."

आत्या डोळे पुसत उठली. देवाला चालतं की नाही हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं, म्हणून सगळे पत्रावळी मांडायला लागले. पंगत बसली.

मला मात्र शिसारी आली. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी सगळ्यांत जास्त किळस मला आईचीच आली. तिच्या ओठाला अजून माती होती. मी सरकून दूर बसले. तिला ते दिसलं. तिनं मला चूळ भरायला लावली, मग स्वतः भरली, पुन्हा पुन्हा. साबणाची वडी घेऊन हात कोपरापर्यंत घासले, नखांत काडी घालून ती कोरली, बोटं नाकाशी नेऊन हुंगली, आणि परत धुतली. मगच माझ्या भाकरीचं फडकं सोडलं.